उभं राहणं, उभं करणं

ग्रामपंचायतीचा निवडणूक कार्यक्रम जाहीर झाला की गावाची भाषा दोन क्रियापदांवर चालू लागते : ‘उभं करणं’ आणि ‘बसवणं’. ‘तीन नंबर वॉर्डात कुणाला उभं केलंय?’ ‘त्याचा चुलता बसला का?’ ‘बसला नाही, बसवला.’ शिरूर तालुक्यात घोड नदीपासून भीमेपर्यंत आणि भीमा ओलांडली की दौंड तालुक्यात राहू-पारगावापासून पाटस-कुरकुंभापर्यंत, पारावर, गुऱ्हाळावर, डेअरीच्या रांगेत ही वाक्यं मी पुन्हा पुन्हा ऐकली आहेत. व्याकरणाच्या अंगाने पाहिलं तर त्यांतला उमेदवार बहुतेक वेळा कर्ता नसतो, कर्म असतो. त्याला कुणीतरी उभं करतं, कुणीतरी बसवतं. हा ‘कुणीतरी’ म्हणजे पॅनेल, भावकी, वाडी किंवा तालुक्याचा पुढारी. आणि तोही वाक्यात दिसेलच असं नाही. ‘केलंय’ एवढंच उरतं.

‘मला गावाचं काम करायचंय, म्हणून मी उभा राहतोय’ हे वाक्य मराठीत बोलता येत नाही असं नाही. पण ते बोलणाऱ्याकडे लोक जरा निरखून पाहतात. याच्यामागे कोण आहे, हा कुणाची मतं खायला निघालाय, असा हिशेब लगेच सुरू होतो. कुणी न सांगता, स्वतःच्या इच्छेने गावकामासाठी पुढे येणारा माणूस आपल्या भाषेत आणि आपल्या साहित्यात कुठे आहे, हा या लेखाचा विषय. आत्ताच तो काढण्याचं कारण असं की, जानेवारी २०२१ मध्ये ज्या १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक लागली होती, त्यांची पाच वर्षांची मुदत २०२६ च्या सुरुवातीपर्यंतची होती. शिरूर-दौंडमधल्या बऱ्याच पंचायती त्यात आहेत.

माझ्याजवळ या दोन तालुक्यांतली निवडणुकीची पत्रकं आहेत. शे-सव्वाशे असतील. ग्रंथालयं ती ठेवत नाहीत आणि गावातही मतदानाच्या दुसऱ्या दिवशी त्यांत भेळ बांधली जाते. पण वाङ्मयप्रकार म्हणून पाहिलं तर पत्रक हा फार काटेकोर प्रकार आहे. सर्वांत वर ग्रामदैवत : भैरवनाथ, म्हसोबा, यमाई, ज्या गावात जे असेल ते. खाली छत्रपती. मग पुढाऱ्यांचे गोल फोटो, मोठ्यापासून लहानापर्यंत. मग वॉर्डवार उमेदवार आणि त्यांची चिन्हं. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह मिळत नसल्यामुळे इथे कपबशी, शिट्टी, छत्री आणि नारळ यांचं राज्य. आणि मधोमध तो ठरलेला मजकूर : समस्त ग्रामस्थांच्या आग्रहास्तव. या सगळ्या पत्रकांत ‘मी’ हे सर्वनाम बोटांवर मोजण्याइतक्या वेळा येतं. ‘आम्ही’ आहे, ‘आपले पॅनेल’ आहे, ‘जनतेचा उमेदवार’ आहे. मला हे काम का करावंसं वाटतं, हे सांगणारं वाक्य जवळजवळ नाहीच.

याचं खापर पत्रकं लिहिणाऱ्यांवर फोडता येणार नाही. आपल्या भाषेत सार्वजनिक पदाची इच्छा धरणं हेच मुळी हसण्याचं कारण आहे. वर्तमानपत्रांनी ‘इच्छुक’ हा साधा, स्वच्छ शब्द टिंगलीचा करून टाकला. इच्छुकांची नेहमी ‘भाऊगर्दी’च होते आणि त्यांनी नेहमी ‘गुडघ्याला बाशिंग’च बांधलेलं असतं. लग्नाची घाई झालेला नवरदेव आणि पंचायतीचा अर्ज भरणारा माणूस, दोघांना आपण एकच उपमा देतो. मग शहाणा माणूस आपली इच्छा लोकांच्या आग्रहाखाली लपवतो. त्याचं त्याला तरी काय करायचं? न मागता मिळालं तर मान, मागून घेतलं तर हाव, अशी आपली जुनी वाटणी आहे. ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणताना जे पाच डोळ्यांसमोर येतात ते बसलेले असतात. पंच बसतो, उभा राहतो तो फिर्यादी, आरोपी किंवा याचक. उमेदवाराला आपण या दुसऱ्या रांगेत धरलं आहे.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. शिरूर आणि दौंड या दोन्ही गावांना नगरपरिषद आहे. तिथे निवडून आलेला माणूस बोलीत ‘नगरसेवक’ होतो, कायद्याच्या पुस्तकात त्याला काहीही म्हणत असोत. तिथून चार कोसांवरच्या खेड्यात तेच काम करणारा माणूस ‘मेंबर’ असतो. ‘काय मेंबर, कसं काय?’ यात जिव्हाळा आहे, थोडी चेष्टा आहे, सेवा मात्र नाही. गावात ‘सेवक’ हा शब्द गेला तो पगारी नोकराकडे, ग्रामसेवकाकडे. निवडून आलेला तो मेंबर आणि सरकारने पाठवलेला तो सेवक, अशी ही उलटापालट. आता तीही राहिली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ग्रामसेवकाचं नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केलं. त्याच सुमारास सरपंच-उपसरपंचांचं मानधन दुप्पट झालं. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावच्या सरपंचाला ३,००० चे ६,००० आणि आठ हजारांवरच्या गावात ५,००० चे १०,००० रुपये. ते व्हायलाच हवं होतं. साध्या सदस्याला मानधन नाही, सभेचा भत्ता तेवढा. म्हणजे गावच्या कारभारात शब्दशः अर्थाने सेवा करणारा आज तोच एक उरला आणि ‘सेवक’ हा शब्द मात्र पंचायतीच्या पाटीवरून गेला.

आता साहित्याकडे वळू. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गाव-गाडा’ १९१५ चं. गावच्या कारभाराचा इतका बारीक पट मराठीत त्याआधी कुणी मांडला नव्हता. पण त्या गाड्यात उभं राहायला जागाच नाही. पाटील, कुलकर्णी, चौगुला आणि बलुतेदार, सगळे जन्माने आपापल्या जागी बसलेले. पद हे वतन. ते वाट्याला येतं किंवा येत नाही. आत्रे या व्यवस्थेवर कडक लिहितात, फुकटखाऊंचा हिशेब मांडतात, तरी त्यांच्या पुस्तकातला माणूस स्वतः होऊन गावाचं काम अंगावर घेत नाही. १९१५ च्या लेखकाकडून ती अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. पुढच्यांकडून करायला हरकत नाही.

या माणसाच्या सर्वांत जवळ मराठी कथनसाहित्य आलं ते व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त, १९५५ मध्ये. कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, मुलं गोळा करतो, लोकांची कागदपत्रं आणि कज्जे त्याच्याकडे येऊ लागतात आणि अखेर वाडी एकत्र येऊन तालीम बांधते. मास्तरला हे कुणी सांगितलेलं नाही. नोकरी शिकवण्याची, बाकीचं तो मनाने करतो. माडगूळकरांचं मोठेपण असं की त्यांनी त्याला पुढारी केला नाही, त्याची फजितीही दाखवली आणि शेवटी दुष्काळाने वाडी ओस पाडली तेव्हा तालीम वगैरे सगळं कुचकामी ठरलेलंही दाखवलं. पण हा मास्तर बाहेरचा आहे. वाडीतला कुणी धनगर ‘आपण तालीम बांधू’ म्हणत उठत नाही. कारभारी आहे, तो वयाने आणि मानाने आहे. एक गोष्ट मला इथे नेहमी खटकते. ही वाडी औंध संस्थानातली. त्याच औंधात १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने, गावपंचायतींच्या पायावर उभी केलेली राज्यघटना आली होती. साऱ्या हिंदुस्थानात त्या वेळी असा प्रयोग दुसरीकडे नव्हता. कादंबरीच्या मध्यभागी मात्र पंचायत नाही, तालीम आहे; आणि तालमीच्या उद्‌घाटनाला राजा आहे. लेखकाने काय लिहावं हे आपण सांगू नये. पण पंचायत ही गोष्ट मराठी कल्पनाशक्तीला पहिल्यापासून रुचलेली नाही, एवढं यावरून म्हणता येईल.

दुसरं पुस्तक शंकर पाटलांचं ‘टारफुला’. त्याचं साल महत्त्वाचं आहे. १९५८ मध्ये ग्रामपंचायतींचा कायदा झाला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, १९६३ च्या सुरुवातीला वंशपरंपरेची पाटीलकी कायद्याने संपली. ‘टारफुला’ आलं १९६४ ला. पाटील मेल्यावर गावात पडलेली पोकळी, तिच्यात घुसणारे लोक, सत्तेने पुन्हा पुन्हा धरलेलं मूळ. ज्वारीच्या मुळावर जगणाऱ्या तणाचं नाव कादंबरीला का दिलं ते पहिल्या काही प्रकरणांतच कळतं. कादंबरी थोर आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण गावाला मत मिळालं त्याच वर्षांत आपल्या सर्वांत ताकदीच्या ग्रामीण कादंबरीकाराने पाठीमागे, पाटीलकीकडे पाहिलं आणि तिने आपल्याला पाहण्याची एक सवय लावली. तेव्हापासून मराठी वाचक सरपंचाकडे नवा पाटील म्हणून पाहतो. ‘सामना’, ‘सिंहासन’ आणि त्यानंतरच्या चित्रपटांनी तीच नजर कारखान्यापर्यंत आणि मंत्रालयापर्यंत नेली. अगदी अलीकडे कृष्णात खोतांच्या ‘रौंदाळा’तही गावचं राजकारण हे माणसांना भरडणारं यंत्र म्हणूनच येतं. खोतांचं गाव खरं आहे, त्यांची भाषा तर फारच खरी. तरी मनात येतं, गावचा कारभार हा फक्त सत्तेचाच खेळ असता तर एवढ्या पंचायतींचे नळ रोज सकाळी कसे सुटले असते?

तिसरी वाट विनोदाची. माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार या त्रयीच्या कथाकथनाने गावच्या सभा आणि पंचायती शहरातल्या नाट्यगृहांत नेल्या. मी ते कार्यक्रम ध्वनिमुद्रणांवरून पुष्कळ ऐकले आहेत आणि पोट धरून हसलोही आहे. आज ते ऐकताना लक्ष जातं ते प्रेक्षकांच्या हशाकडे. हशा नेमका कुठे येतो? अडाणी माणूस सरकारी शब्द उच्चारतो तिथे. ‘ठराव’, ‘कोरम’, ‘अनुमोदन’ हे शब्द धोतरवाल्याच्या तोंडी आले की सभागृह कोसळतं. लेखकाचा हेतू टवाळीचा नव्हता, तिघेही त्याच मातीतले. पण ऐकणारा बहुधा गाव सोडून आलेला होता आणि आपण सोडलं ते बरंच केलं, असा निर्वाळा त्याला त्या हशातून मिळत होता. पुढे टीव्हीवर आणि सिनेमात जो ठराविक सरपंच आला, जाकीट, गॉगल, मागे दोन चमचे, तो या हशाचाच नातू. तो सत्तेचाही नाही, कामाचाही नाही, नुसता आहे.

म्हणजे वतन, सत्ता आणि विनोद. या तिन्ही वाटांवर मेंबर सापडत नाही. सरपंच सापडतो, पाटील सापडतो, आमदार तर पोत्याने. सात ते सतरा जणांच्या पंचायतीत उरलेले जे सहा किंवा सोळा असतात त्यांची गोष्ट नाही.

समीक्षक याला उत्तर देतील की गटारात नाट्य नसतं. मला हे पटत नाही. घरकुलाची यादी घ्या. शंभर मागणाऱ्यांतून पंधरा घरं मंजूर होतात. कुणाचं छप्पर खरंच गळतं, कुणी जुन्या घराचा फोटो दाखवून नवं बांधून झोपलाय, कुणाचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे, हे त्या वॉर्डाच्या मेंबरला तोंडपाठ असतं, कारण तो तिथलाच असतो. यादीवर सही करताना एक चुलता, एक शेजारी आणि एक मत जातं. किंवा स्मशानभूमीच्या रस्त्याचा ठराव. किंवा गावठाणातलं अतिक्रमण. ते काढायचं तर पहिली भिंत आपल्याच आत्याची. नमुना आठच्या रजिस्टरात घरपट्टीची आकारणी ठरते तेव्हा एका बाजूला कारखान्याचे पत्र्याचे शेड असतात आणि दुसऱ्या बाजूला विधवेची दोन खणं. शिरूरच्या कारखानदारी पट्ट्यात, सणसवाडी-शिक्रापूर-रांजणगाव या बाजूला, पंचायतीचं उत्पन्न एखाद्या लहान नगरपालिकेला लाजवील असं असतं; त्याच तालुक्याच्या पाबळ-केंदूर-कान्हूर मेसाई भागात मेंबरचा उन्हाळा टँकरच्या खेपा मोजण्यात जातो. एका तालुक्यात हे दोन वेगळे देश आहेत आणि दोन्हीकडे उभं राहण्याची कारणं वेगळी. कारखान्यांजवळ ठेके असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. कोरड्या भागात ठेका नाही, मानधन नाही, तरी अर्ज भरले जातात. का? ज्याला कादंबरी लिहायची आहे त्याने इथून सुरुवात करावी.

कायद्याने तर पात्राची ओळख तयार करूनच ठेवली आहे. अर्जासोबतच्या घोषणापत्रात मुलं किती आणि सप्टेंबर २००१ नंतरची किती, घरी शौचालय आहे का आणि वापरता का, थकबाकी, जमीन, दागिने, गुन्हे, सरकारी जागेवर अतिक्रमण, सगळं येतं. सरकार माणसाचं अख्खं घर उलगडून पाहतं. तुम्ही का उभे आहात, एवढंच विचारत नाही.

मराठीत स्थानिक संस्थेत बसलेला लेखक झालाच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण झाला तो १८८३ मध्ये. हा क्रम आपण फारसा ध्यानात घेत नाही. ‘असूड’चं गद्य तापलेलं आहे हे सगळे सांगतात, ते किती माहीतगार आहे याकडे मात्र दुर्लक्ष होतं. लोकल फंड कुठे जातो, कालव्याचं पाणी कसं सोडतात, जकातीच्या नाक्यावर शेतकऱ्याचं काय होतं, सारा कसा वाढतो, हे तपशील सभेच्या टेबलावर बसून कागद वाचलेल्या माणसाचे आहेत. संताप सगळ्यांनाच येतो. रकमा कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात जातात हे कळल्यावर येणारा संताप वेगळा असतो. पुढच्या दीडशे वर्षांत तसं गद्य आपल्याला पुन्हा का मिळालं नाही, याचं एक कारण मला साधं वाटतं : लेखक सभेला गेले नाहीत.

गेले ते कथात्म साहित्याबाहेर. मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावची’ २०१२ चं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची ग्रामसभा सगळे निर्णय सर्वसहमतीने घेते, त्याआधी अभ्यास गटात विषय चघळला जातो, आणि देवाजी तोफांसारखा माणूसही तिथे हुकूम सोडत नाही. बोकील कादंबरीकार असूनही त्यांनी याची कादंबरी केली नाही, हे मला बोलकं वाटतं. त्यांच्या पुस्तकामुळे माझ्या मांडणीला एक अडचणही येते. मेंढ्यात कुणी ‘उभा राहत’ नाही, म्हणून ते गाव थोर. मग शिरूर-दौंडमध्ये बारा जण देवळात बसून पंचायत बिनविरोध करतात ते वाईट का?

फरक सभेला कोण असतं यात आहे. मेंढ्यात बायका-पोरांसह गाव असतं आणि बोलणी वर्षभर चालतात. आपल्याकडच्या बिनविरोधाची बैठक बहुधा अर्ज मागे घेण्याच्या आदल्या रात्री, पुरुषांची, आणि तीत ज्यांना बसवलं जातं त्यांचं म्हणणं ऐकायला कुणी बसत नाही. २०२१ च्या निवडणुकीवेळी शिरूरच्या शेजारच्या पारनेर तालुक्यात आमदार निलेश लंके यांनी बिनविरोध करणाऱ्या गावाला २५ लाखांचा विकासनिधी देऊ केला होता. वैर टळावं, खर्च वाचावा हा हेतू लोकांना पटलाही. त्याच वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथे सरपंचपदाची बोली लागली. उमराण्यात आकडा दोन कोटींवर गेला, मंदिराच्या बांधकामासाठी. निवडणूक आयोगाने दोन्ही निवडणुका रद्द केल्या. पैसे देवाला जाणार होते, कुणाच्या खिशात नाही, मग बिघडलं काय, असा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला. बिघडलं हे की ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची उभं राहण्याची इच्छा देवाच्या नावाने मोडीत निघाली. लिलाव आणि निधी या एकाच तराजूच्या गोष्टी नाहीत. पण न उभं राहण्याची किंमत दोन्हीकडे रुपयांत लागली.

उभं राहण्याचीही लागते. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतरचे काही महिने महाराष्ट्राने मंत्री, टोळ्या आणि जात यांची चर्चा केली. ती आवश्यक होती. पण हा माणूस गावासाठी काय काय करत होता, त्याचा दिवस कसा जायचा, हे सांगणारे शब्द आपल्या लिहिणाऱ्यांपाशी थोडेच निघाले. ‘टारफुला’ने शिकवलेली नजर सत्तेकडेच वळते.

बायकांच्या बाबतीत हे व्याकरण सर्वांत उघडं पडतं. माझ्याजवळच्या पत्रकांत स्त्री-उमेदवाराच्या नावाआधी ‘सौ.’ असतं आणि नावाशेजारी तिच्या फोटोपेक्षा मोठा नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा फोटो. १९९३ नंतर एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या, तेव्हा बायकांना ‘उभं केलं’ गेलं यात शंका नाही. ‘सरपंचपती’ हा शब्द मराठीला त्यातूनच मिळाला. टीकाकार बहुधा इथे थांबतात. पण इतिहास याच्याही मागचा आहे. दौंडला लागून असलेल्या बारामती तालुक्यात, नीरेकाठच्या निंबूतमध्ये साठच्या दशकातच फक्त महिलांची ग्रामपंचायत झाली होती. १९८६ च्या चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने हा विषय धरला आणि १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला संपूर्ण महिलांचं पॅनेल निवडून आलं. अशा पंचायतींचा अभ्यास बिशाखा दत्ता यांनी संपादित केलेल्या १९९८ च्या इंग्रजी पुस्तकात आहे. त्याचं नाव, ‘अँड हू विल मेक द चपातीज?’, म्हणजे मग पोळ्या कोण करणार? मराठी गावांवरचं हे पुस्तक इंग्रजीत आहे आणि आपल्या ग्रामीण साहित्याच्या चर्चेत त्याचा उल्लेख मला क्वचितच आढळला.

आणि गावात प्रत्यक्ष ऐकलेली गोष्ट. एक मुदत पुरी केलेल्या मेंबर बायकांशी बोलताना मी क्रियापदाकडे कान ठेवतो. पहिल्या निवडणुकीबद्दल त्या म्हणतात, ‘मला उभं केलं होतं.’ दुसरीबद्दल बोलताना, जिथे दुसरी झाली तिथे, काही जणी म्हणतात, ‘मी राहिले.’ सगळ्या नाही. पण ज्या म्हणतात त्यांच्या बोलण्यात मधल्या पाच वर्षांचा तपशील असतो : मोटर जळाली तेव्हा काय केलं, प्रोसीडिंगवर सही मागायला शिपाई घरी आला तेव्हा वाचल्याशिवाय केली नाही, मग दीर कसा रागावला. पुरुषांच्या तोंडून हा फरक मला कमी ऐकू आला. ते पहिल्या वेळीही उभेच केलेले असतात आणि पाचव्या वेळीही. त्याची लाज त्यांना वाटत नाही. कर्म असण्याचा त्रास ज्याला होतो तोच कर्ता होतो, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो.

माझ्या पत्रकांत एक वेगळं आहे. २०१५ च्या निवडणुकीतलं, दौंड तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावचं. छापील नाही, हाताने लिहून झेरॉक्स काढलेलं, एका बाजूने कोरं. देव नाही, छत्रपती नाहीत, फोटो एकही नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईने ते काढलेलं, अपक्ष. ते पहिल्या ओळीपासून ‘मी’ने सुरू होतं आणि शेवटपर्यंत ‘मी’च आहे. तिला तीन कामं करायची आहेत : वस्तीच्या वळणावर दिवा, पाणी सोडण्याचे वार फळ्यावर लिहिणं, आणि दर मासिक सभेत काय ठरलं ते वस्तीवर येऊन वाचून दाखवणं. पॅनेलमध्ये का गेले नाही तेही एका वाक्यात आहे. पॅनेलने तिच्या नवऱ्याशी बोलणी केली, तिच्याशी नाही. ‘विकास’ हा शब्द सबंध पत्रकात नाही. मराठी गद्याचा नमुना म्हणून मी ते विद्यार्थ्यांना वाचून दाखवतो, तेव्हा आधी थोडं हसू होतं, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत. दुसऱ्या वाचनाला होत नाही.

ती पडली. गावच्या क्रियापदांतलं हे तिसरं. अनामत १०० रुपयांची होती, राखीव जागेची. पण ग्रामसभेचं सदस्य व्हायला निवडून यावं लागत नाही, मतदार यादीत नाव पुरतं, हे तिला ठाऊक असावं. २६ जानेवारी २०१६ च्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात एक ओळ आहे : मागील सभेचे इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवावे अशी मागणी एका महिला ग्रामस्थाने केली, त्याप्रमाणे वाचून दाखविण्यात आले. सूचक-अनुमोदकाच्या जागी नाव नाही. त्याच्या खालचा विषय पाणीपट्टीचा आहे, आणि तिथून पुढे अक्षर बदललेलं आहे.